लेगपीसवरून भांडण नको, ओव्हनमध्ये करा कुरकुरीत विंग्ज

रविवारी दुपारी कोंबडीचा रस्सा झाला की बहुतेक मराठी घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लेगपीस कोणाला?" कोंबडीला तंगड्या दोन आणि खाणारी तोंडं पाच. मग एक तंगडी धाकट्याला, दुसरी आजोबांना किंवा आलेल्या पाहुण्याला. छातीचे तुकडे मधल्यांच्या वाट्याला. सगळ्यांना वाढून झालं की पातेल्यात मान आणि पंख उरतात, आणि ते आईच्या ताटात जातात. "मला हाडच चोखायला आवडतं," असं ती म्हणते. तिला ते खरंच आवडतं की उरतं म्हणून आवडून घ्यावं लागतं, हे सहसा कोणी विचारत नाही.

गंमत म्हणजे हेच पंख आता हॉटेलच्या मेनूकार्डावर 'विंग्ज' म्हणून मिरवतात आणि त्यांच्या सहा तुकड्यांना अख्ख्या कोंबडीच्या आसपास पैसे मोजावे लागतात. मुलांना ते हवे असतात, दर शनिवारी मोबाईलवरून मागवले जातात, आणि घरी येईपर्यंत डब्यातल्या वाफेने मऊ पडलेले असतात. तेच विंग्ज घरच्या ओव्हनमध्ये, कढईभर तेल न तापवता, कुरकुरीत होतात. मात्र त्यासाठी आपल्या हाताच्या दोन-तीन सवयी बाजूला ठेवाव्या लागतात.

उरलेल्या तुकड्याचं नशीब

अमेरिकेतही पंखांची गत एकेकाळी आपल्यासारखीच होती. सूप उकळायला घालायचा स्वस्त तुकडा, एवढीच त्याची किंमत. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात अँकर बार नावाचं एक हॉटेल आहे. ते चालवणाऱ्या कुटुंबातल्या टेरेसा बेलिसिमो यांनी १९६४ मध्ये हे पंख तळले, लोणी आणि तिखट सॉसमध्ये घोळवले आणि लोकांपुढे ठेवले, असं सांगितलं जातं. तेव्हापासून 'बफेलो विंग्ज' हे नाव जगभर गेलं. त्या नावाचा म्हशीशी काही संबंध नाही, ते फक्त शहराचं नाव आहे. एका घरच्या बाईने उरल्यासुरल्या तुकड्याचं चीज केलं, ही गोष्ट आपल्याला नवी वाटायचं कारण नाही. शिळ्या भाकरीचा कुस्करा आणि उरलेल्या भाताची फोडणी करणाऱ्या हातांना ती लगेच कळते.

लखनौची कोंबडी आणि आपली कोंबडी

लखनौमध्ये राहून मराठी स्वयंपाक करणाऱ्यांना एक फरक पटकन जाणवतो. इथे मांसाचं कौतुक त्याच्या मऊपणावरून होतं. १९०५ पासून चौकात सुरू असलेल्या टुंडे कबाबीचे गलावटी कबाब असोत किंवा पहाटेची निहारी, 'मुँह में घुल जाए' हीच इथली सर्वांत मोठी शाबासकी. ऑक्टोबर २०२५ मध्ये युनेस्कोने लखनौला खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला, तेव्हाही चर्चा या कबाब-बिर्याणीचीच झाली.

आपल्या जिभेला मात्र कुरकुरीतपणाची ओढ. चकली तुटताना आवाज आला पाहिजे, रव्यात घोळवलेला बोंबील कडेने कडक झाला पाहिजे, पापड तर मोडतानाच ऐकू आला पाहिजे.

विंग्ज करताना लखनौची 'दम' पद्धत डोळ्यांसमोर ठेवली तर ओव्हनचं गणित चटकन समजतं. दम म्हणजे हंडीचं तोंड कणकेने बंद करायचं, खाली निखारे, झाकणावर निखारे. उष्णता वरूनही आणि खालूनही. घरातला ओटीजी नेमकं हेच करतो, त्याला वर आणि खाली रॉड असतात. फरक एकच. दममध्ये वाफ कोंडून मांस मऊ करतात. विंग्ज कुरकुरीत करायचे तर हीच वाफ बाहेर जाऊ द्यायची. पुढची सगळी कृती या एका गोष्टीभोवती फिरते.

अर्धं काम चिकनवाल्याकडे

घरी विंग्ज फसण्याचं पहिलं कारण ओव्हन नसतो, दुकान असतं. आपल्याकडे चिकनवाला कोंबडी सोलतो तेव्हा पिसांसकट कातडी ओढून काढतो. त्याला ते सोपं आणि झटपट पडतं. रश्श्याला अशी कोंबडी उत्तम. पण ओव्हनमधला कुरकुरीतपणा येतो तो कातडीमुळेच. कातडीत पाणी, चरबी आणि कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. पाणी उडून गेलं आणि चरबी वितळून खाली गळाली की उरतो तो पातळ, कडक पापुद्रा. कातडीच नसेल तर कडक व्हायला काही उरतच नाही, नुसतं मांस वाळतं.

म्हणून अमीनाबाद असो की गोमतीनगर, दुकानात आधीच सांगा, "भाईजान, विंग्ज खाल समेत चाहिए, पर गरम पानी से साफ कर दीजिएगा." इथे 'आप' आणि 'दीजिएगा' म्हटलं की काम मनापासून होतं, हा अनुभव आहे. एक दिवस आधी सांगून ठेवलं तर आणखी बरं. बंद पाकिटातले विंग्ज घेत असाल तर पाकिटावर 'विथ स्किन' लिहिलं आहे ना, ते पाहा. गोठवलेले असतील तर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून बर्फ उतरू द्या, ओट्यावर नको.

पंखाचे तीन भाग असतात. छोट्या तंगडीसारखा दंडाचा भाग, दोन बारीक हाडांचा मधला चपटा भाग आणि टोक. सांध्यावर सुरी ठेवून दाबली की ते सहज वेगळे होतात. टोकं टाकून देऊ नका. कांदा, आलं आणि चार मिरीदाणे घालून ती उकळली की पांढऱ्या रश्श्याला किंवा सूपला छान पाणी मिळतं.

साहित्य

चार ते पाच जणांसाठी:

- कातडीसकट विंग्ज १ किलो
- बेकिंग पावडर १ मोठा चमचा, सपाट
- मीठ दीड छोटा चमचा
- मिरपूड १ छोटा चमचा
- हळद पाव छोटा चमचा

यादीत दही नाही, आलं-लसूण पेस्ट नाही, लिंबू नाही, तेलही नाही. चिकन म्हटलं की आपला हात आपोआप दह्याकडे जातो. इथे तो थांबवायचा. दही आणि वाटण म्हणजे पाणी, आणि ओली कातडी कडक होत नाही. लाल तिखटही आत्ता नको. इतका वेळ तापलेल्या ओव्हनमध्ये ते करपून कडू होतं. तिखट आणि मसाला सगळ्यात शेवटी.

बेकिंग पावडर हा या कृतीचा जीव आहे. ती कातडी किंचित अल्कधर्मी करते, त्यामुळे रंग लवकर आणि खोल येतो. शिवाय तिच्यामुळे वायूचे बारीक बुडबुडे सुटतात, कातडीवर छोटे छोटे फोड येतात आणि तेच दाताखाली कुरकुरतात. एक काळजी घ्या. बेकिंग पावडरच्या जागी खाण्याचा सोडा चालणार नाही. त्याची चव साबणासारखी लागते.

कृती

१. विंग्ज स्वच्छ करून कोरडे टिपा. किचन टॉवेलचा कागद किंवा याच कामासाठी ठेवलेलं सुती कापड वापरा. एकेक तुकडा दाबून पुसा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण इथे घाई केली तर पुढे काहीच सावरता येत नाही.

२. मोठ्या परातीत बेकिंग पावडर, मीठ, मिरपूड, हळद एकत्र करा. त्यात विंग्ज टाकून हाताने चोळा. गुठळी कुठेही राहता कामा नये.

३. तुकडे जाळीवर एकमेकांना न चिकटवता मांडा आणि जाळी ताटात ठेवून फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात सहा ते आठ तास ठेवा. शक्य तर रात्रभर. फ्रिजमधली कोरडी हवा कातडी सुकवते. वरून झाकण नको, पण त्या कप्प्यात दुसरं उघडं अन्नही नको. पावसाळ्यात लखनौची हवा दमट असते, तेव्हा ही पायरी गाळू नका.

४. ओव्हन १२० अंशांवर दहा मिनिटं तापवा. वरचा आणि खालचा, दोन्ही रॉड चालू ठेवा. विंग्जची जाळी मधल्या खाचेत आणि तिच्या खाली चरबी गळायला ट्रे ठेवा. या मंद आचेवर तीस मिनिटं. रंग काहीच बदलणार नाही, घाबरू नका. आतल्या आत चरबी वितळते आहे.

५. आता आच २२० अंशांवर न्या आणि चाळीस मिनिटं ठेवा. वीस मिनिटांनी चिमट्याने तुकडे उलटा. उलटताना दार उघडतं तेव्हा आत साठलेली वाफ बाहेर पडते, तेही हवंच आहे. शेवटची पाच-सात मिनिटं लक्ष ठेवा. तपकिरी सोनेरी रंग आला, कातडीवर फोड दिसले आणि चिमट्याने टकटक केल्यावर आवाज आला की झाले.

६. बाहेर काढून जाळीवरच पाच मिनिटं राहू द्या. ताटात ढीग केला तर खालचे तुकडे वाफेने मऊ पडतात. आणि हो, वर्तमानपत्रावर निथळत ठेवू नका. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून अन्नपदार्थांना वर्तमानपत्र वापरू नये असं आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच सांगितलं आहे.

ओव्हनच्या खोड्या

घरगुती ओटीजी लहान असतो. एक किलो विंग्ज एकाच जाळीवर दाटीवाटीने कोंबले तर ते भाजले न जाता उकडतात. सोळा-वीस लिटरचा ओव्हन असेल तर सरळ दोन घाणे करा. पहिला घाणा गार झाला तर शेवटी २२० अंशांवर पाच मिनिटं गरम करून घ्या, पुन्हा कुरकुरीत होतो.

खालच्या ट्रेला फॉइल लावा म्हणजे चरबी घासत बसावी लागत नाही. मात्र फॉइल रॉडला टेकू देऊ नका.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवरच ठेवा. साध्या मायक्रोवेव्हने कातडी चिवट होते. सोबत मिळालेली जाळी वापरा. आच २०० च्या पुढे जात नसेल तर दुसरा टप्पा पंचेचाळीस ते पन्नास मिनिटांचा करा. त्यात आतला पंखा हवा खेळती ठेवतो, त्यामुळे रंग सारखा येतो.

वीज हा आणखी एक मुद्दा. पंधराशे वॉटचा ओटीजी सव्वा-दीड तास चालला तरी दोन-सव्वादोन युनिटच्या वर जात नाही. पण घरातल्या इन्व्हर्टरला हा भार झेपत नाही आणि उन्हाळ्यात वीज कधी जाईल त्याचा नेम नसतो. पहिल्या टप्प्यात वीज गेली आणि थोड्याच वेळात आली नाही, तर अर्धकच्चे विंग्ज ओव्हनमध्ये कोमट ठेवून वाट पाहू नका. गॅसवर झाकण ठेवून पूर्ण शिजवा आणि त्यांचा रस्सा करा. जेवण तरी वाया जाणार नाही.

कातडी नसलेले विंग्ज मिळाले तर?

मग पद्धत बदला. इथे दही चालतं. एक किलो विंग्जना चार चमचे घट्ट दही, आलं-लसूण, मीठ आणि हळद लावून दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर जास्तीचं दही पुसा. तांदळाचं पीठ, बारीक रवा आणि थोडं कॉर्नफ्लोअर यांत घोळवा, बोंबील घोळवतो तसे. मग दोन मोठे चमचे तेल ब्रशने सगळीकडे लावा आणि थेट २२० अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटं भाजा, मध्ये एकदा उलटा. कातडीच्या विंग्जचा पापुद्रा यांना येणार नाही, पण रव्याचा कुरकुरीतपणा नक्की येईल.

शेवटचा मसाला

विंग्ज गरम असतानाच मसाल्यात घोळवायचे आणि लगेच वाढायचे. घोळवून ठेवले की दहा मिनिटांत मऊ पडतात. पानं घेतल्यावरच घोळवा.

- बफेलो पद्धत: तीन चमचे लोणी वितळवा. भिजवलेल्या लाल मिरच्यांची पेस्ट दोन चमचे, व्हिनेगर एक चमचा आणि चिमूटभर साखर घालून एक उकळी आणा.
- घरची पद्धत: दोन चमचे लोण्यात एक चमचा मालवणी मसाला किंवा कांदा-लसूण मसाला मंद आचेवर अर्धा मिनिट परता. वरून लिंबू पिळा.
- लखनवी पद्धत: लोण्यात मिरपूड, चिमूटभर जायफळ-जायपत्री, वेलची आणि केवड्याचा एकच थेंब. ही मुलांना सौम्य लागते. सोबत कांद्याच्या चकत्या आणि पुदिन्याची चटणी.

स्वच्छता आणि तब्येत

कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात. नळाच्या जोरदार धारेखाली चिकन धुतलं की ते पाणी ओट्यावर, धुतलेल्या भांड्यांवर उडतं. दुकानातून आणलेलं चिकन धुवायचंच असेल तर पसरट भांड्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा, पाणी अलगद ओता आणि नंतर सिंक आणि हात साबणाने धुवा. सॅलडची सुरी आणि चिकनची सुरी वेगळी ठेवा. मांस हाडापाशी ७४ अंशांपर्यंत तापलं पाहिजे. आपल्या कृतीत ते त्याच्याही पुढे जातं, म्हणून तर मांस हाडापासून सहज सुटतं. मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कच्चं किंवा शिजलेलं चिकन तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ओव्हनमधले म्हणून हे विंग्ज पथ्याचं खाणं होत नाहीत. कातडीत चरबी असते, त्यातली काही गळून जाते, सगळी नाही. फायदा आहे तो तेलाचा. विंग्ज तळायला लिटरभर तेल लागतं आणि उरलेलं तेल टाकवत नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा तापवलं जातं. असं तेल बिघडतं. तळणीच्या तेलातली 'टोटल पोलर कंपाउंड' २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरी हे मोजायची सोय नसते. तेव्हा मुळात तळणच टाळलेलं बरं. घरात कोणाला रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर त्यांना कातडी काढून द्या आणि त्यांच्या तुकड्यांवर लोण्याऐवजी लिंबू पिळा. बेकिंग पावडरमध्येही सोडियम असतं, म्हणून त्यांच्यासाठी मीठ कमी घाला.

वार आणि महिना पाहून

लखनौमध्ये चिकनचा बेत आखताना कॅलेंडर दोनदा पाहावं लागतं. मंगळवार इथे अनेक घरांत हनुमानाचा, आणि ज्येष्ठातले 'बडे मंगल' तर रस्तोरस्ती भंडाऱ्यांचे. त्याहून मोठा घोळ श्रावणाचा. उत्तरेकडे महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपला अमावास्येनंतर. त्यामुळे इथलं सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतं. २०२५ मध्ये इथे ११ जुलैला सावन सुरू झालं आणि आपला श्रावण २५ जुलैला. म्हणजे महाराष्ट्रात ज्या दिवशी नातेवाईक गटारीचे फोटो पाठवत होते, त्या २४ जुलैला शेजारच्या भाभीजींचं सावन निम्मं झालं होतं.

अशा वेळी काय करायचं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. पण एकाच जिन्यावर दरवाजे समोरासमोर असले की दीड तास भाजणाऱ्या चिकनचा वास कुठवर जातो, हे आपल्याला ठाऊक असतं. 'पहले आप'च्या शहरात एवढं पाळलं तर बिघडत नाही. गटारी पंधरा दिवस आधी उरकून घ्यावी. आणि राखी झाल्यावर भाभीजींकडे कबाब शिजतात, तेव्हा आपला श्रावण अजून चालू असतो. त्या आठवणीने आपल्यासाठी दहीवडे बाजूला काढून ठेवतात. शेजार असाच टिकतो.

ताट वाढताना

एक किलोत साधारण वीस ते पंचवीस तुकडे होतात, सगळे जवळपास सारखे. मोठा तुकडा कोणाला हा प्रश्नच उरत नाही. दंडाचा भाग कोणाला आवडतो, कोणाला मधला चपटा, एवढाच काय तो फरक. तेव्हा पुढच्या वेळी विंग्ज जाळीवरून उतरले की ताट घेऊन आधी मुलांकडे धावू नका. आईला विचारा, तिला कुठला हवा. ती सवयीने म्हणेल, "कुठलाही चालेल." तरी ताट तिच्यापुढे धरून ठेवा आणि तिला निवडू द्या. आणि त्या घरातली आई तुम्हीच असाल, तर पहिला गरम तुकडा ओट्याशी उभ्या उभ्या न खाता, ताटात घेऊन, बसून खा.